तांदळाच्या पिंपातलं पुस्तक

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त मुख्याध्यापक, वाईला राहतो. मुलगी-जावई नोकरीनिमित्त बंगळूरला. दोन्ही नातवंडं एप्रिलच्या मध्याला आमच्याकडे येतात, ती मे संपेपर्यंत असतात. नातू नऊ वर्षांचा, नात चौदाची. दोघंही इंग्रजी शाळेत. घरी मराठी बोलतात, पण मराठी वाचनाच्या नावानं शून्य. गेल्या सुट्टीत मी वीस पुस्तकांची यादी केली होती. रोज २५ पानं वाचायची, वहीत सारांश लिहायचा, पुस्तक संपलं की १० रुपये, असा नेम लावला. तिसऱ्याच दिवशी 'श्यामची आई' घरातून नाहीसं झालं, ते आठ दिवसांनी आमच्या सौ.ना तांदळाच्या पिंपात सापडलं. नातवानं मग उरलेल्यातली सगळ्यात बारीक चार पुस्तकं निवडून ४० रुपये वसूल केले. नात दिवसभर जपानी चित्रकथा वाचते. त्यांना पुस्तक म्हणावं का, हाही प्रश्नच आहे. यंदा नवी यादी करायची आहे. वयानुसार पुस्तकं सुचवावीत. जुनी यादी सोबत जोडली आहे. मुलांची नावं छापू नयेत.
— एक आजोबा, वाई

उत्तर :

सर, नमस्कार.

पत्र वाचत वाचत पिंपापाशी आले आणि चहा नाकातून यायचा तेवढा राहिला. तांदळात आपण आंबे पिकायला घालतो. पोराला वाटलं असेल, आजोबांचं पुस्तकही आठ दिवसांत मऊ होईल. पण नऊ वर्षांच्या मुलानं पिंपाचं झाकण काढून, हात कोपरापर्यंत आत घालून पुस्तक पुरायचे कष्ट घेतले, म्हणजे ते त्याला किती जड गेलं असेल बघा. आणि यात त्याचा दोष मला दिसत नाही, पुस्तकाचा तर नाहीच नाही.

तुमची यादी पाहिली. 'श्यामची आई', 'मृत्युंजय', 'स्वामी', 'ययाति' असं करत वीस. एकही नाव हलकं नाही. फक्त ही यादी तुमची आहे, तुमच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षाची. 'मृत्युंजय' आलं १९६७ साली. तुम्ही तेव्हा साधारण नातीच्याच वयाचे असाल, कंदिलाची वात बारीक करून रात्रभर कर्णाबरोबर जागला असाल. तो आनंद नातीलाही मिळावा असं वाटणं साहजिक आहे. पण 'ययाति'? सर, ते शेवटचं कधी वाचलंत? एकदा चाळून पाहा आणि मग ठरवा, चौदा वर्षांच्या मुलीकडून त्याचा सारांश वहीत लिहून घ्यायचा का. ती वही तुम्ही माजघरात मोठ्यानं वाचताय आणि शेजारी तुमच्या सौ. शेंगा फोडत बसल्या आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

पुस्तकं नेमून देण्याचं मला जरा वावडंच आहे. त्याला कारण आहे. मी ज्या शाळेत शिकले तिथे ग्रंथालय म्हणजे शिपायाच्या खोलीतलं कुलूपबंद कपाट. शनिवारी शेवटच्या तासाला ते उघडायचं आणि हजेरीपटाच्या क्रमानं पुस्तकं वाटली जायची. एक नंबरला पहिलं, दोन नंबरला दुसरं. माझा नंबर सतरा. सहावीत माझ्या वाट्याला आलं कोंबडीपालन. पुढच्या शनिवारी पुस्तकं परत जाऊन त्याच क्रमानं कपाटात लागली, त्याच क्रमानं बाहेर आली, आणि मला पुन्हा कोंबडीपालन. असं किती शनिवार चाललं ते आता आठवत नाही, पण अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात हे मला अजून झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. अठरा नंबरवालीला परीकथा मिळायच्या आणि तिला वाचायचा कंटाळा. आम्ही दोघी नळाच्या कोंडाळ्यामागे अदलाबदल करायचो. एकदा सापडलो, हातावर दोन-दोन छड्या बसल्या. मला वाचायची गोडी लागली ती त्या कोंडाळ्यामागे.

पुढे नोकरी केली तीही ग्रंथालयातच, बालविभागात, बावीस वर्षं. तिथे काउंटरमागे बसून जे दिसलं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच आहे असं वाटतं. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला मराठीत दोन वयं असतात. एक कानाचं, एक डोळ्याचं.

तुमचा नातू आईशी मराठीत भांडत असेलच. 'मी नको म्हटलं होतं ना, मग का वाढलंस?' हे वाक्य त्याच्या तोंडून धडधडीत येत असेल, त्यातल्या सगळ्या खाचाखोचांसकट. म्हणजे कानाचं वय पुरतं नऊ, कदाचित अकरासुद्धा, कारण घरातल्या मोठ्यांचं बोलणं पोरं कान टवकारून ऐकत असतात. आता तेच वाक्य छापून समोर ठेवा. त्याला देवनागरी येते ती बहुधा हिंदीच्या तासाला शिकलेली. 'ळ' दिसला की गाडी थांबते. त्यातून आपल्या च, ज, झ यांचे उच्चार दोन-दोन आणि छापायला अक्षर एकच. 'चार बैलांना चारा' असं लिहिलं असेल तर तुमची-माझी जीभ न सांगता जागा बदलते. तो दोन्ही ठिकाणी 'चार'मधलाच च लावणार. मग स्वतःच्याच तोंडून निघालेला 'चारा' त्याला ओळखू येत नाही. शब्द माहीत आहे, गेल्या सुट्टीत शेजारच्या गोठ्यात त्यानं चारा टाकलाही असेल, पण वाचताना निघालेला आवाज भलताच. एका ओळीत असे दोन-तीन शब्द आडवे आले की ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. असं २५ पानं!

म्हणजे वाचायची मराठी दुसरीतली आणि कळायची मराठी पाचवी-सहावीतली. दुसरीचं पुस्तक दिलं तर 'हे बाळांचं आहे' म्हणून बाजूला सारतो, पाचवीचं दिलं तर ते तांदळात जातं. तेव्हा यंदा एकाऐवजी दोन याद्या करा, कानासाठी वेगळी आणि डोळ्यासाठी वेगळी.

कानाची यादी आधी, कारण खरी मजा तिथेच आहे. तिची सुरुवात मी 'श्यामची आई'पासूनच करीन. आश्चर्य वाटलं ना? साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, छापून आलं १९३५ ला. त्यातल्या प्रकरणांना नाव काय आहे आठवा. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. म्हणजे पुस्तकाची घडणच ऐकायची. तुम्ही ते नऊ वर्षांच्या मुलाला भर दुपारी, एकट्यानं, मुकाट्यानं वाचायला लावलंत आणि वर वही दिलीत. रागवू नका, पण गुरुजींनीही कदाचित पिंपच जवळ केलं असतं.

जेवणं झाली, ओट्यावर किंवा गच्चीत अंथरुणं पडली, की एक रात्र वाचा. क्रमानं नको. पोहण्याच्या रात्रीपासून सुरू करा. श्यामला पाण्याची भीती, म्हणून तो लपून बसतो आणि आई त्याला शोधून काढून, मार देऊन पोहायला धाडते. ज्याला पुस्तक लपवायचा अनुभव आहे त्याला लपून बसणारा श्याम लगेच आपला वाटेल. शिवाय तुमच्याकडे कृष्णेचा घाट आहे, त्याला पोहायला शिकवायचं बाकी असेल तर फारच उत्तम. श्रीखंडाच्या वड्यांची रात्रही घ्या. रडवणाऱ्या रात्री मात्र त्याच्यावर लादू नका. आणि वाचून झाल्यावर 'यातून तू काय शिकलास?' हा प्रश्न तुमच्या ओठावर येईल, चाळीस वर्षांची सवय आहे. तेवढा गिळा. पाणी प्या वाटल्यास.

दुसरं, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर टांग टाकून संकटामागे धावणारा. जिभेनं 'ट्टॉक' असा आवाज काढायची त्याची खोड मुलं पहिल्या दहा मिनिटांत उचलतात, आणि मग घरात दिवसभर ट्टॉक ट्टॉक. सौ.ना आधी कल्पना देऊन ठेवा. मालिकेत वीसेक पुस्तकं आहेत. तुम्ही वाईचे, म्हणून 'प्रतापगडावर फास्टर फेणे' घ्या. पुस्तक निम्मं झालं की एका सकाळी पोरांना घेऊन पसरणी घाट चढा, पाचगणी-महाबळेश्वर ओलांडून प्रतापगडावर जा, आणि उरलेलं तिथे बुरुजाच्या सावलीत वाचा. गोष्टीतली जागा पायाखाली आली की मूल पुस्तकाकडे ज्या नजरेनं बघतं, ती नजर मी ग्रंथालयात फार थोड्या वेळा पाहिली आहे. कारण आमच्याकडे पाय हलवायची सोयच नव्हती.

मोठ्यानं वाचण्याची एक जुनी लबाडी सांगते. वीस-पंचवीस मिनिटांच्या वर वाचू नका. फेणे दरडीवर लटकतोय, खाली पाय निसटतोय, अशा ठिकाणी चष्मा काढा, जांभई द्या आणि 'आता उद्या' म्हणा. पुस्तक मात्र उचलून कपाटात ठेवू नका, खाटेवर उपडं राहू द्या. पुढचं पान तो आपणहून उघडेल, अडखळत दोन ओळी वाचेल. त्या दोन ओळींकडे चुकूनसुद्धा बघू नका. बालविभागात दर शनिवारी मी असं वाचायची. एकदा गोष्ट अर्धी सोडली आणि एक आठ वर्षांचा मुलगा दार बंद होताना आईचा हात सोडवून परत आला, 'तो मेला का फक्त तेवढं सांगा' म्हणाला. मी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी कुलूप उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला.

दिवे गेले की विंदा करंदीकर. त्यांच्या बालकविता वाचायला अर्थ लावायची गरज नाही, तोंडात घोळवल्या की पुरे. 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' तर मेणबत्तीच्या उजेडात वाचायसाठीच लिहिलंय असं मला कायम वाटत आलंय. ज्ञानपीठ मिळालेला कवी मुलांसाठी भुतं आणि राक्षस लिहितो, यातच काय ते आलं. नातवाला एखादी कविता पाठ झाली, तर तिचं पान त्याच्यापुढे उघडं टाका. पाठ असलेलं वाचणं हा कानाकडून डोळ्याकडे जायचा सगळ्यात सोपा रस्ता. आपणही आरत्या आणि पाढे असेच तर वाचायला शिकलो. आधी तोंडात बसले, मग पुस्तकात दिसले.

आता डोळ्याची यादी. ही छोटी असू द्या. 'चिंटू'चे संग्रह आणा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांची ही चित्रमालिका १९९१ पासून वर्तमानपत्रात यायची, बंगळूरच्या आईलाही ती आठवत असेल. फुग्यांमध्ये जे बोलणं आहे ते घरातलंच बोलणं आहे, एका चौकटीत पाच-सात शब्द, आणि अडलं तर चित्र सांगतंच. 'हे काय पुस्तक झालं?' असं म्हणाल, तर तुमच्या नातवाच्या डोळ्याला आत्ता परवडणारं पुस्तक हेच आहे. त्याच्याच जोडीला माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं. 'यश'च्या गोष्टी त्याला कदाचित जरा लहान वाटतील, पण 'वाचू आनंदे' घरात असायलाच हवं. बालगट आणि कुमारगट असे त्याचे संच आहेत. मराठीतले उत्तमोत्तम उतारे आणि शेजारी भारतीय चित्रकलेतली चित्रं. बालगट नातवाच्या हाताशी, कुमारगट नातीच्या, आणि दोन्ही तुमच्या.

पैसे घालायचे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टींचा ढीग फुकट आहे, पायरीपायरीनं लावलेला. ही मंडळी मूळची बंगळूरचीच. दुसऱ्या पायरीवरच्या दहा गोष्टी गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा, टाचून द्या. पडद्यावर नको, पडद्यावर बोट लगेच दुसरीकडे सरकतं. आणि 'किशोर'! बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालं, जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मुलांसाठी म्हणून शोधायला बसाल आणि स्वतःच १९७४ च्या दिवाळी अंकात हरवाल, एवढा धोका पत्करा.

बक्षिसाचं काय ते तुमच्या नातवानं सिद्ध करून दाखवलंच आहे. पोरगं हिशेबाला पक्कं. पुस्तकाला दहा रुपये म्हटल्यावर बारीक पुस्तक घेणं हाच शहाणपणा. ते ४० रुपये त्यानं कमावले. यंदा पैसे बंद, वही बंद, आणि अर्धवट सोडायची मुभा. दहा पानं वाचून नाही आवडलं तर परत कपाटात, का ते विचारायचं नाही. तुम्हीही किती पुस्तकं अर्धी सोडली आहेत ते आठवून पाहा, आणि हे पत्र सौ.ना वाचायला देणार असाल तर त्यांच्यासमोर आठवू नका.

नातीकडे वळते. चौदाव्या वर्षी मुलीला समोर बसवून वाचून दाखवणं म्हणजे तिचा अपमान. तिच्यासाठी वाचायचं, पण तिला नाही. दुपारी जेवणानंतर, आमरसानं डोळे जड झालेले असताना, तुम्ही सौ.ना वाचून दाखवा. नात झोपाळ्यावर पाय वर घेऊन, कानात बोंडं घालून पडलेली असेल. असू दे. गोष्टीनं पकड घेतली की एका कानातलं बोंड निघतं, मी पाहिलंय.

आणि वाचायचं काय, तर प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशी चार पुस्तकं. वाढत्या वयाबद्दल मराठीत याहून सुंदर काही लिहिलं गेलं असेल तर मला माहीत नाही. मी 'वनवास' तुमच्या नातीसाठी मुद्दाम निवडतेय, आणि तेही दोन कारणांनी. एक म्हणजे लंपन आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. दीड महिना का होईना, ती तेच करतेय. तिला या घराचं काय वाटतं हे ती तुम्हाला कधी सांगणार नाही, पण लंपन सांगतो तेव्हा मान हलवेल. दुसरं कारण जास्त गमतीचं. लंपनची मराठी बेळगावकडची, कानडी वळणाची, मधूनमधून कानडी शब्द पेरलेली. तुम्ही वाचताना तिथे अडखळाल, आणि झोपाळ्यावरून आवाज येईल, 'आजोबा, त्याचा अर्थ असा.' बंगळूरच्या शाळेत तिला कन्नड असणारच. मराठी पुस्तकातला शब्द आजोबांना येत नाही आणि तिला येतो! या एका क्षणासाठी मी अख्खी यादी ओवाळून टाकीन. त्यामुळे वाचायच्या आधी शब्दकोश बघून तयारी करू नका. शिक्षकाला अवघड आहे, पण अडखळा.

स्वतःहून तिनं वाचावं असं वाटत असेल, तर तिला माहीत असलेली गोष्ट मराठीत ठेवा. इंग्रजीत लुइसा मे अल्कॉटची 'लिटल विमेन' वाचली असेल तर शांता शेळक्यांचं 'चौघीजणी'. गोष्ट ठाऊक असली की डोळ्याचं निम्मं ओझं उतरतं, आणि मुलीला गंमत वाटते की त्यातली जो नावाची मुलगी आपल्या आजीसारखी कशी काय बोलतेय. हॅरी पॉटरही मराठीत आहे. मंत्रांची मराठी ऐकून ती हसून लोळेल. हसायला तरी वाचेल ना.

विज्ञानाची आवड असेल तर जयंत नारळीकर. पुस्तक देऊ नका, आधी त्यांचा किस्सा सांगा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे जगभर नाव झालेले जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली होती. एवढं सांगून 'यक्षांची देणगी' कोचावर टाकून निघून जा. भुताखेताचं वेड असेल तर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. तुमच्या कपाळावर आठी आली ती मला इथे दिसली, पण चौदाव्या वर्षी घाबरायला आवडतं. 'एक होता कार्व्हर'ही चांगलं, मात्र ते 'प्रेरणादायी आहे' असं म्हणून दिलंत तर वाचायची नाही.

एकच पुस्तक मी तुमच्या हातून तिला द्यायला सांगीन, ते म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ ची, अगदी छोटी कादंबरी. एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, आणि वर्गात पोरंच नसतात, कारण पोरं मेंढरांमागे. तुम्हीही पहिल्या नेमणुकीला अशाच कुठल्या वाडीत गेला असाल. ती गोष्ट आधी सांगा. तुमची, माडगूळकरांची नाही. पहिल्या दिवशी वर्गात किती पोरं होती, राहिलात कुठे, स्वयंपाक कोण करायचं, रात्री भीती वाटली का. मग दोन दिवस जाऊ द्या आणि पुस्तक तिच्या उशाशी ठेवा. 'मृत्युंजय' खालच्या कप्प्यात राहू द्या, हाताला लागेल असं. ज्याला ते बोलवायचं त्याला बोलावतंच.

दोन किरकोळ गोष्टी. दुपारी दोन ते चार घरातले सगळे फोन एका टोपलीत. सगळे म्हणजे तुमचाही. सकाळच्या सुविचारांना दोन तास उत्तर गेलं नाही तरी चालतं. आणि भिलारला एक चक्कर मारा. पाचगणीच्या पुढे, स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत, ओसरीवर, देवळात पुस्तकं मांडलेली, एका घरात एक विषय. कुणीही जावं, बसून वाचावं, विकत घ्यायची सक्ती नाही. बालसाहित्याचं घर वेगळं आहे. नातवाला तिथे सोडा आणि तुम्ही दुसऱ्या घरात जा. तो काय वाचतोय ते बघायला खिडकीतून डोकावू नका, गावात तशा खिडक्या पुष्कळ आहेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जपानी चित्रकथांना पुस्तक म्हणावं का. त्याचं उत्तर मी देणार नाही, तुम्ही एक वाचून मग मला सांगा. खरंच सांगते. नातीला म्हणा, 'तुझ्यातलं एक मला दे, माझ्यातलं एक तू घे.' कोंडाळ्यामागची अदलाबदल. कुठलं द्यायचं ते तिला ठरवू द्या, आणि वेळ लागू द्या, कारण ती फार विचार करून निवडेल. आजोबांना आवडेल का, त्यात काही भलतंसलतं नाही ना, समजेल का, हे सगळं. गेल्या वर्षी तुम्ही तिच्यासाठी जे केलंत तेच ती तुमच्यासाठी करेल, बहुधा जास्त काळजीनं.

पुस्तक हातात आलं की नेहमीसारखं उघडू नका. ते उलट्या बाजूनं सुरू होतं आणि चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. चार पानं वाचून डोकं गरगरलं की तिला हाक मारा, शेजारी बसवा, आणि कुठल्या चौकटीनंतर कुठली, ते तिला बोट ठेवून दाखवायला सांगा.